आयर्लंडमधल्या इंग्रजी गावनावांचं आयरिश मूळ कसं शोधायचं? नेहमीचे प्रश्न आणि उत्तरं

नोकरीनिमित्त आयर्लंडला आलेला मराठी माणूस पहिल्याच आठवड्यात रस्त्यावरच्या पाट्या बघून बुचकळ्यात पडतो. वर तिरप्या अक्षरांत एक नाव, खाली ठसठशीत मोठ्या अक्षरांत दुसरं, आणि या दोघांचं एकमेकांशी काही नातं आहे का, तेच कळत नाही. मग गणपतीच्या कार्यक्रमात किंवा व्हॉट्सॲपवर प्रश्न येतात: आमच्या क्लॉन्सिलाचा अर्थ काय? जिथे तिथे 'बॅली' का? लेपर्ड्सटाउनला बिबटे होते का? असे वरचेवर येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आयरिश शब्द देवनागरीत लिहिताना उच्चार जमेल तितका जवळचा दिलाय. प्रांतागणिक तो बदलतो, हे गृहीत धरा.

पाटीवर दोन नावं असतात, त्यातलं खरं कोणतं?

दोन्ही. प्रजासत्ताकात, म्हणजे उत्तर आयर्लंड सोडून उरलेल्या देशात, वरचं तिरपं नाव आयरिश असतं आणि खालचं इंग्रजी. बहुतेक ठिकाणी आयरिश नाव आधीचं आहे आणि इंग्रजी नाव म्हणजे ते ऐकून इंग्रजी कानाला जे वाटलं ते. गेल्टख्त, म्हणजे जिथे आयरिश अजून रोजच्या बोलण्यात आहे अशा भागात, पाटीवर फक्त आयरिश नाव सापडतं.

डब्लिनचं उदाहरण मात्र गमतीचं आहे. इंग्रजी 'डब्लिन' हे 'डुव लिन', म्हणजे काळा डोह, या आयरिश नावावरून आलं. पण पाटीवर वर लिहिलेलं असतं 'बाल्या आहा क्लीअ': कुडाच्या ताट्या टाकून केलेल्या नदीच्या उताराचं (पाणी उथळ म्हणून पायी पार करता येतं त्या जागेचं) गाव. पूर्वी लिफी नदीच्या काठी शेजारी शेजारी दोन वस्त्या होत्या. इंग्रजीने एकीचं नाव उचललं, आयरिशने दुसरीचं ठेवलं. म्हणजे दोन्ही नावं आयरिशच.

आयरिश नावाचं इंग्रजी झालं कसं?

तीन वाटांनी. सगळ्यात मोठी वाट आवाजाची: 'किल डारा' ऐकलं, 'किल्डेअर' लिहिलं. दुसरी वाट भाषांतराची: काळ्या खडकाचं 'ब्लॅकरॉक' झालं. तिसरी म्हणजे जुनं नाव बाजूला सारून नवंच ठेवायचं. कॅव्हन परगण्यातलं व्हर्जिनिया हे एलिझाबेथ पहिली हिच्या सन्मानार्थ. आयरिशमध्ये त्याच गावाला आजही 'आखा अन यूर' म्हणतात, म्हणजे यू झाडाचं शेत. असं जुळ्या नावांचं गाव असेल तर इंग्रजी नाव कितीही चाळलं तरी आयरिश नाव त्यातून निघणार नाही. ते वेगळंच शोधावं लागतं.

ही स्पेलिंगं ठरवली कोणी? ऑर्डनन्स सर्व्हेने नावांची वाट लावली हे खरं का?

अर्धं खरं. जरा सविस्तर सांगतो, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

1824 मध्ये ब्रिटिश सरकारने अख्ख्या आयर्लंडची मोजणी सुरू केली. हेतू सारा-वसुलीचा: जमिनीवरचा स्थानिक कर सगळीकडे सारख्या मापाने बसवायचा, तर आधी प्रत्येक तुकड्याची हद्द आणि क्षेत्रफळ पक्कं हवं. प्रमुख होते टॉमस कोल्बी. मैलाला सहा इंच या मापाचे नकाशे निघाले आणि 1846 पर्यंत सगळा देश कागदावर आला. कोल्बींनी पायारेषा मोजायला लोखंड आणि पितळ जोडून, उष्णतेने लांबी बदलणार नाही असे गज बनवले होते. लॉक फॉइलच्या काठी ते वापरले गेले, आणि पुढे जॉर्ज एव्हरेस्टनी तसेच गज हिंदुस्थानात आणून इथल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या पायारेषा मोजल्या. त्यातली एक आपल्या शेजारच्या बिदरजवळची.

नकाशावर नाव लिहायची वेळ आली तेव्हा पंचाईत झाली. एकाच जागेचं जमीनदार एक स्पेलिंग करायचा, पाद्री दुसरं, कर-नोंदीत तिसरं. म्हणून प्रत्येक पॅरिशसाठी (चर्चच्या हद्दीवरून पडलेला गावांचा गट) 'नेम बुक', म्हणजे नावांची वही, ठेवली गेली. तिचं पान बघण्यासारखं असतं. जागेचं नाव, मग कुठे कुठे ते कसं लिहिलंय त्या सगळ्या स्पेलिंगांची उतरंड, प्रत्येक स्पेलिंगसमोर ते कोणाकडून मिळालं, जागा कुठे आहे, आणि चार ओळींचं वर्णन. या साऱ्यांतून एक स्पेलिंग निवडायचं काम 1830 पासून जॉन ओ'डोनोव्हन यांच्याकडे आलं. हा किल्केनी परगण्यातला शेतकऱ्याचा मुलगा. जुनी हस्तलिखितं वाचणारा आणि आयरिश बोलणारा. तो गावोगाव हिंडला, म्हाताऱ्या लोकांना नाव उच्चारायला लावलं, ते जुन्या कागदांशी ताडून पाहिलं आणि मुक्कामाच्या ठिकाणाहून ऑफिसला पत्रं धाडली. ती पत्रं आज इतिहासाचा खजिना मानली जातात.

तेव्हा 'वाट लावली' हा आरोप कुठे बसतो? आयरिश नावं इंग्रजी स्पेलिंगात कोंबली गेली आणि नकाशावर आयरिश रूप छापलंच गेलं नाही, इथे. पण ही कोंबाकोंबी सर्व्हेच्या आधी दोन-अडीचशे वर्षं चालूच होती. ओ'डोनोव्हननी उलट बऱ्याच ठिकाणी स्पेलिंग मुळाच्या जवळ ओढून आणलं आणि मूळ आयरिश रूप नेम बुकात टिपून ठेवलं. हे वेळेवर झालं, हे विशेष. थोड्याच वर्षांत मोठा दुष्काळ पडला. 1851 च्या जनगणनेत आयरिश बोलणारे सुमारे 15 लाख उरले होते, म्हणजे चारातला एकही नाही. कित्येक ठिकाणी ज्यांना विचारलं ती त्या जागेवर आयरिश बोलणारी शेवटची पिढी होती. माझं मत विचाराल तर सरकारी मोजणीने चुकून केलेलं हे सगळ्यात मोठं पुण्य.

टाउनलँड म्हणजे काय? त्यात टाउन तर कुठेच दिसत नाही.

नसतंच. टाउनलँड हा जमिनीचा सगळ्यात लहान नावाचा तुकडा. आपल्या 'शिवार' शब्दाच्या जवळ जाणारा. अख्ख्या बेटावर असे 60,000 हून जास्त आहेत. सरासरी आकार सव्वातीनशे एकर, पण काही एकरभराहून लहान तर एखाददुसरं सात हजारांच्या वर. टाउनलँडांचं पॅरिश, पॅरिशांची बॅरनी, बॅरन्यांचा परगणा अशी चढण आहे.

नावं शोधणाऱ्याची खरी पेठ ही. शहरांच्या नावांवर सगळ्यांनी लिहून झालंय. टाउनलँडांत अजून कुतूहल शिल्लक आहे. खेड्यात 2015 साली एअरकोड (प्रत्येक पत्त्याचा वेगळा पिनकोड) येईपर्यंत दहा घरांचा पत्ता एकच असायचा, तो म्हणजे टाउनलँडचं नाव, आणि कोणतं पत्र कुणाचं हे पोस्टमनला पाठ. जुनी जमीन-मापंही या नावांत अडकून बसली आहेत. 'कॅरो'ने सुरू होणारं नाव दिसलं की समजा 'क्याह्रू', म्हणजे चौथाई. कॅरोमोर म्हणजे मोठी चौथाई.

नेहमी दिसणाऱ्या तुकड्यांचे अर्थ एका जागी द्याल का?

देतो, पण ही यादी म्हणजे निकाल नव्हे. 'नॉक' म्हणजे टेकडी (क्नोक, उत्तरेत 'क्रोक' म्हणतात, म्हणून तिकडच्या नावांत 'क्रॉक' सापडतं). 'ड्रम' म्हणजे लांबट उंचवटा, पाठीच्या कण्यासारखा. 'रॅथ' आणि 'लिस' हे मातीच्या गोल बांधाचे जुने वाडे, 'कॅहर' दगडी, 'डन' किंवा 'डून' म्हणजे किल्ला. 'क्लॉन' किंवा 'क्लून' म्हणजे कुरण. 'डेरी' म्हणजे ओकांची राई. 'इनिश' किंवा 'एनिस' बेट, कधी नदीकाठची सपाटी. 'टबर' विहीर, 'स्लीव्ह' डोंगर, 'कॅरिक' खडक, 'मॉय' मैदान. शेपटीला 'मोर' असेल तर मोठं आणि 'बेग' असेल तर लहान.

'किल' म्हणजे चर्च ना?

बहुतेक वेळा. पण इथेच सगळे घसरतात. 'किल' म्हणजे जुन्या काळचं छोटं चर्च, साधूची कोठडी. किल्केनी हे संत कॅनिकचं चर्च, किल्डेअर ओक झाडाचं, आणि किलायनी म्हणजे लेनीनच्या मुलींचं चर्च. पण जंगलाला आयरिशमध्ये 'काइल' म्हणतात, कुठे कुठे 'किल'च, आणि इंग्रजीत लिहिताना दोन्हींचं एकच होऊन बसलं. कॉनेमारातलं काइलमोर म्हणजे मोठं जंगल. तिथे निदान स्पेलिंगने तरी इशारा दिला. किलमोर दिसलं तर मोठं चर्च की मोठं रान, हे नावावरून कळत नाही. त्या जागी जुन्या चर्चचे अवशेष आहेत का, दफनभूमी आहे का, जुन्या लॅटिन कागदांत त्याचा उल्लेख कसा येतो, हे बघूनच ठरवायचं.

'किलीन'चंही तेच: छोटं चर्च किंवा छोटं रान. पण या नावाला आणखी एक पदर आहे. बाप्तिस्म्याआधी गेलेल्या तान्ह्या मुलांना चर्चच्या आवारात पुरू देत नसत. त्यांच्यासाठी गावाबाहेर, बहुधा एखाद्या मोडक्या जुन्या चर्चपाशी, वेगळी जागा असे. तिलाही 'किलीन' म्हणत. शेतात नुसते ओबडधोबड दगड उभे दिसतात, नाव कुणाचंच नसतं. गावात याबद्दल विचारताना बेताने विचारा. विसाव्या शतकातही अशा जागा वापरात होत्या, त्यामुळे समोरच्याच्या घरचं कुणी तिथे असू शकतं.

आणि 'बॅली' म्हणजे गाव, एवढं तरी पक्कं?

तेही नाही. 'बाल्या' म्हणजे वस्ती, गाव, वाडी, आणि हजारो 'बॅली' त्यातूनच आले: बॅलिमेना म्हणजे मधलं गाव. पण 'बेल आहा' म्हणजे नदीच्या उताराचं तोंड, आणि भरभर म्हणताना त्याचंही 'बॅली' झालं. मेयोतलं बॅलिना म्हणजे 'बेल अन आहा', आणि घोड्यांच्या जत्रेसाठी प्रसिद्ध असलेलं बॅलिनास्लो म्हणजे 'बेल आहा ना स्लूअ': जमाव जिथे नदी उतरतो ते मुख. नाव नदीकाठचं असेल आणि तिथे जुना पूल असेल तर उताराची शंका आधी घ्या.

नावात सरळ इंग्रजी शब्द दिसतोय. मग अर्थ तोच धरायचा का?

मुळीच नाही. उलट ओळखीचा इंग्रजी शब्द दिसला की जास्त सावध व्हायचं. आपल्याकडे शीव होती, म्हणजे मुंबई बेटाची हद्द. तिचं इंग्रजीत 'सायन' झालं आणि आता नवखा माणूस बायबलमधला डोंगर समजतो. आयर्लंडमध्ये असे सायन पावलोपावली आहेत.

डब्लिनच्या फीनिक्स पार्कचं बघा. 'फ्युन इश्के' म्हणजे स्वच्छ पाणी. तिथल्या झऱ्याचं नाव. (याच 'इश्के'वरून व्हिस्की आली, हे तुम्हाला कुणीतरी सांगितलंच असेल.) इंग्रजी कानाला ते 'फीनिक्स' वाटलं. पुढे 1747 मध्ये लॉर्ड चेस्टरफील्डनी बागेत एक खांब उभारून त्यावर राखेतून उठणारा पक्षीच बसवला. चूक दगडात कोरली गेली, आता कोण हलवणार!

लेपर्ड्सटाउनला बिबटे कधीच नव्हते. ते 'बाल्या ना लाउर', म्हणजे कुष्ठरोग्यांचं गाव. शहरातल्या कुष्ठरुग्णालयाची जमीन तिथे होती. 'लेपर'चा 'लेपर्ड' झाला. आता तिथे घोड्यांच्या शर्यती होतात आणि कुणाला वावगं वाटत नाही.

डेझर्टमार्टिनला वाळवंट नाही. 'डीशर्त' म्हणजे साधूची एकांतातली जागा. मूळ लॅटिन शब्द दोघांचा एकच, एवढंच. लेटरकेनीमधलं 'लेटर' म्हणजे 'लेचर', डोंगराची उतरण. मनीमोरला पैसा नाही, 'मुन्या मोर' म्हणजे मोठी झुडपाळ जागा. टिपरेरीतलं गोल्डन हे 'अन गाउलीन', छोटा फाटा. कॉर्कमधल्या ओव्हन्समध्ये भट्ट्या नाहीत, गुहा आहेत. याला अपवादही आहे: लिमरिक परगण्यातलं 'हॉस्पिटल' हे खरोखरच हॉस्पिटलर सरदारांच्या मठावरून पडलेलं नाव.

भाषांतर करताना चुका झाल्या का?

झाल्या. माझा लाडका नमुना किल्केनी परगण्यातलं फ्रेशफर्ड. मूळ नाव 'आखा ऊर', म्हणजे ताजं, हिरवं शेत. 'आखा' म्हणजे शेत आणि 'आह' म्हणजे नदीचा उतार, इंग्रजीत 'फर्ड'. भाषांतर करणाऱ्याने शेताचा उतार केला. 'फ्रेश' बरोबर, 'फर्ड' चूक.

आर्टिकल चिकटण्याचा प्रकारही असाच. आयरिशमध्ये नामाआधी, इंग्रजी 'द'सारखं, 'अन' येतं. 'अन एनाख' म्हणजे जत्रा, बाजार. 'अन'मधला 'न' पुढच्या शब्दाला चिकटला आणि नीना झालं. 'अन ऊव' म्हणजे गुहा, त्याचं नॅव्हन. 'अन ओबर' म्हणजे काम, त्याचं नॉबर. नाव 'न'ने सुरू होत असेल तर तो 'न' झाकून उरलेलं वाचून बघा.

नामाचं रूप बदललेलं कसं ओळखायचं?

थोडं व्याकरण लागतं. मराठीत विभक्ती लावताना शब्दाचं शेपूट बदलतं, रस्ता–रस्त्याचा. आयरिशमध्ये शेपटाबरोबर तोंडही बदलतं. 'बॅन' म्हणजे बाई, पण 'बायकांचा' म्हणताना 'ना मान' ऐकू येतं: लिहिताना 'ब' तसाच राहतो, त्याच्या आधी 'म' येऊन बसतो आणि उच्चार 'म'चाच होतो. म्हणून टिपरेरीतला 'बायकांचा डोंगर' इंग्रजीत स्लीव्हनामॉन झाला. मधे 'ना' दिसला की पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर संशयास्पद समजायचं. शब्दकोशात 'मॉन' शोधून काही मिळायचं नाही.

सगळ्या नावांचं मूळ आयरिशच असतं का?

नाही, आणि हे मान्य करायला काहींना जड जातं. वॉटरफर्ड, वेक्सफर्ड, विकलो, हौथ ही व्हायकिंगांची नावं. आयरिशमध्ये त्यांना अनुक्रमे पोर्ट लॉर्गे, लॉक गरमन, किल वन्तान आणि बिन एडर अशी पूर्ण वेगळी नावं आहेत. लेक्स्लिप, जिथे इंटेलमुळे आपली बरीच मंडळी आहेत, ते व्हायकिंगांच्या नॉर्स भाषेतलं 'साल्मन माशाची उडी'. आयरिश नाव 'लेम अन व्राडान' हे त्याचंच भाषांतर. म्हणजे इथे गंगा उलटी वाहिली.

नॉर्मन आले तेव्हा त्यांच्या घराण्यांवरून '-टाउन' लागलेली नावं डब्लिनभोवती उगवली: ब्लँचर्ड्सटाउन, टिरेल्सटाउन. पाटीवरचं 'बाल्या व्लान्शेर' बघून ते जुनं गेलिक नाव आहे असं समजू नका.

सगळ्यात मजेशीर कोव. टायटॅनिक जिथून शेवटचं निघालं ते बंदर. आधी इंग्रजीत नुसतं 'कोव', म्हणजे खाडी. 1849 मध्ये व्हिक्टोरिया राणी येऊन गेली म्हणून क्वीन्सटाउन. स्वातंत्र्याच्या सुमारास राणीचं नाव काढलं आणि 'कोव'च परत आणलं, फक्त स्पेलिंग आयरिश पद्धतीचं. दिसायला अस्सल आयरिश, आतून इंग्रजी. डब्लिनजवळच्या डन लीअरीचं तसं नाही. 1821 पासून शंभर वर्षं ते किंग्सटाउन होतं, पण 1920 मध्ये जे परत आलं ते खरंच जुनं नाव.

आम्ही डब्लिनच्या उपनगरात राहतो. आमच्या भागाचं सांगा.

क्लॉन्सिला: वाळुंजांचं कुरण. लूकन: एल्म झाडांची जागा. डंड्रम: उंचवट्यावरचा किल्ला. फिंग्लस: नितळ ओढा. स्वर्ड्सला तलवारी नाहीत. 'सॉर्ड' म्हणजे निर्मळ, तिथल्या संत कोलमकिलच्या विहिरीचं पाणी. बॉल्सब्रिज इंग्रजीत बॉल घराण्याचा पूल, आयरिशमध्ये डॉडर नदीचा.

टॅलाचं मात्र थोडं थांबून सांगायला हवं. आयरिशमध्ये 'ताउलख्त': 'ताव' म्हणजे साथीचा रोग आणि 'लख्त' म्हणजे थडगं. साथीत मेलेल्यांची दफनभूमी. जुन्या कथेप्रमाणे पार्थोलोन नावाच्या आद्य वसाहतकऱ्याचे 9,000 लोक एकाच आठवड्यात साथीने मेले आणि इथे पुरले गेले. आकडा कथेचा; पण शेजारच्या टेकड्यांवर इतिहासपूर्व काळातल्या कबरी खरोखर आहेत, आणि उत्तरेतही याच शब्दाची 'टॅमलाख्ट' नावं आढळतात. घर घेताना एजंट हे सांगत नाही, ते सोडा.

नव्या वसाहतींच्या नावांत काही शोधू नका. ती बिल्डरची. त्याखालचं टाउनलँड कोणतं ते शोधा, गोष्ट तिथे आहे.

शोध कुठून सुरू करायचा?

आधी पत्ता नीट लावा: नाव, पॅरिश, परगणा. किलमोर डझनांनी आहेत. परगणा माहीत नसेल तर सगळी मेहनत पाण्यात.

मग 'लोगन्म' या सरकारी नावकोशाच्या संकेतस्थळावर जा. 2008 पासून ते सगळ्यांना फुकट उघडं आहे. तिथे अधिकृत आयरिश रूप, बऱ्याच नावांचा ध्वनिमुद्रित उच्चार, आणि मुख्य म्हणजे संशोधकांनी हाताने भरलेल्या कार्डांचे फोटो मिळतात. कार्डावर कोणत्या साली, कोणत्या कागदात नाव कसं लिहिलं होतं ते ओळीने असतं. निकाल वाचून परत फिरू नका, कार्ड उघडा. उत्तर आयर्लंडसाठी बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठाचा 1987 पासूनचा प्रकल्प आहे, त्याचाही नकाशा ऑनलाइन आहे.

कार्ड नसेल तर स्वतः मागे चालत जायचं. 1911 आणि 1901 ची जनगणना. त्यामागे ग्रिफिथचं मूल्यांकन, म्हणजे करासाठी केलेली जमीन-घरांची नोंद, 1847 ते 1864. मग नेम बुक. मग विल्यम पेटीचा 1650 च्या दशकातला डाउन सर्व्हे, ज्याचे नकाशे ट्रिनिटी कॉलेजने ऑनलाइन टाकलेत. क्रॉमवेलच्या सैन्याने जिंकलेली जमीन वाटायला केलेली ती मोजणी. हेतू वाईट, पण नावं मोलाची. जितकं मागे जाल तितकं स्पेलिंग वेडंवाकडं दिसेल आणि नेमकं तेच कामाचं. इंग्रजी कारकुनाला आयरिश येत नव्हतं, त्याने ऐकलं तसं लिहिलं. आज गिळला गेलेला एखादा स्वर किंवा 'ख' तिथे शाबूत सापडतो आणि चर्च की रान याचा निकाल लागतो.

शेवटी 1937 ते 1939 मधला शाळांचा संग्रह चाळा. त्या वेळी पन्नास हजारांवर शाळकरी पोरांनी आजी-आजोबांना विचारून शेतांची, विहिरींची, दगडांची नावं आणि गोष्टी वह्यांत उतरवल्या. त्याही ऑनलाइन आहेत. अक्षर सुरेख, माहिती कधी कधी भन्नाट.

गावातल्या म्हाताऱ्यांचा उच्चार महत्त्वाचा की कागद?

दोन्ही एकमेकांना ताडायला. जोर कुठे पडतो ते ऐका: बॅलिमन, किल्डेअर, क्लॉन्सिला, या सगळ्यांत जोर दुसऱ्या भागावर आहे. 'बॅली', 'किल', 'क्लॉन' हे सामान्य शब्द. ज्याने जागा वेगळी ठरते तो शब्द पुढचा, आणि आयरिशमध्ये आघात त्याच्यावर येतो. जोर पहिल्याच भागावर असेल तर तो एकच जोडशब्द असण्याची शक्यता जास्त, आणि मग फोड वेगळी करावी लागते.

लोक नावाची गोष्ट सांगतात, ती मानायची का?

गोष्ट म्हणून जरूर. आयरिश परंपरेत जागांच्या नावांच्या कथांना 'दिनशनखस' म्हणतात आणि मध्ययुगात त्याचे मोठे संग्रह झाले. पण नाव आधी, गोष्ट मागून, असं बऱ्याचदा असतं. कुठला राजा इथे पडला, कुठली राणी तिथे रडली, याआधी ती जागा ओली आहे का, झाड कुठलं, दगड कसला ते बघा. ही नावं बहुतेक शेतकऱ्यांनी ठेवली आहेत आणि शेतकरी समोर दिसतं तेच म्हणतो. पी. डब्ल्यू. जॉइस यांचं या विषयावरचं पुस्तक (पहिला खंड 1869) वाचायला आजही गोड आहे, मात्र त्यातल्या काही व्युत्पत्ती पुढच्या संशोधनाने बदलल्या, तेवढं ध्यानात ठेवा.

आडनावावरून मूळ गाव सापडेल का?

आपल्यासारखं नाही. लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले तेव्हा मालवण तालुक्यातलं वराड एका दिवसात सगळ्यांना सापडलं, कारण ते आडनावातच होतं. 2019 च्या शेवटी ते स्वतः तिथे जाऊनही आले. आयरिश 'ओ' आणि 'मॅक' आडनावं पूर्वजाच्या नावावरून असतात, गावावरून नाही. तिथे उलट गावाला घराण्याचं नाव मिळतं. त्यामुळे पूर्वजांचा माग काढणाऱ्या अमेरिकन मंडळींना आडनावाचा उपयोग थोडा आणि टाउनलँडच्या नावाचा फार.

उत्तर आयर्लंडमध्ये हा विषय काढावा का?

काढा, पण शब्द जपून. 'दिर्या' म्हणजे ओकांची राई. 1613 च्या सनदेने त्याला 'लंडन' जोडलं गेलं आणि आजही कोण डेरी म्हणतो, कोण लंडनडेरी, यावरून माणूस कोणत्या बाजूचा ते ओळखतात. गंमत अशी की बेलफास्टमधला युनियनवाद्यांचा (ब्रिटनसोबत राहू पाहणाऱ्यांचा) शँकिल रोड हा 'शनखिल', म्हणजे जुनं चर्च, आणि पलीकडच्या राष्ट्रवाद्यांच्या (एकसंध आयर्लंड हवं असणाऱ्यांच्या) फॉल्स रोडचं नावही आयरिशच, कुंपणांच्या मुलखावरून. 1970 च्या दशकात टपालखात्याने रस्ता आणि घरनंबर आणले तेव्हा पत्त्यांतून टाउनलँडं गळायला लागली. त्या वेळी ती वाचवायला दोन्ही समाजांतले लोक एकत्र आले. फर्माना परगण्याने तर ती सोडलीच नाहीत.

डिंगलचा वाद काय होता?

गेल्टख्तमधल्या नावांबद्दलचा सरकारी आदेश 2005 मध्ये अमलात आला आणि केरीतल्या डिंगलचं अधिकृत नाव फक्त 'अन दँग्यन' उरलं. पर्यटनावर जगणारं गाव; लोक चिडले, पाट्यांवर रंगाने 'डिंगल' लिहू लागले. शिवाय ऑफलीत आणखी एक दँग्यन आहेच. 2006 मध्ये गावाने मतदान करून प्रचंड बहुमताने 'डिंगल' आणि जुनं पूर्ण नाव 'दँग्यन ई खूश' दोन्ही मागितली, आणि 2011 मध्ये कायद्याने ती मिळाली. मला यात गावाचंच पटतं.

आम्हाला घराला आयरिश नाव द्यायचंय. भाषांतर यंत्राने केलं तर चालेल?

नको. रूप चुकतं, आणि दारावर लावलेली चूक शेजारी रोज वाचतात. टाउनलँडचं नाव घ्या, लोगन्मवरून त्याचं षष्ठीचं रूप उतरवून घ्या आणि पाटी रंगवायला देण्याआधी जवळच्या शाळेतल्या आयरिश शिकवणाऱ्या बाईंना एकदा दाखवा. बहुतेक त्या खूश होतात. आयरिश अक्षरांवरच्या तिरक्या रेघा गाळू नका. त्यांच्याशिवाय स्वराची लांबी बदलते आणि शब्दही.